तिसऱ्या ओळीतला श्वास

माणूस मोठं खोटं बोलायला निघाला की निदान घाबरतो तरी. धाकट्याचं खोटं इतकं लहान होतं की बोलताना त्याला ठसकासुद्धा लागला नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, गाणं सगळं तुमचंच ना? आणि हा शहाणा म्हणाला, हो, माझंच. दुसऱ्या हातातलं बिस्कीट त्याने मघाच चहात बुडवलं होतं. ते मोडून कपात पडलं आणि त्याला हळहळ वाटली ती त्या बिस्किटाची.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा. कानशिलं पिकली, चष्मा लागला, तरी नाव तेच राहिलं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो गिटार शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करायचा. त्याच्यामागे कुठली कंपनी नव्हती. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतःच रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवर चढवून वाट बघत बसायचं. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातली निम्मी बोटं ताईच्या घरची.

ताई त्याची थोरली बहीण. एका शाळेच्या कचेरीत कामाला होती. गाण्याबिण्याचं शिक्षण शून्य, पण शीळ अशी घालायची की रस्त्याने जाणारा मान वर करून खिडक्या शोधायचा. लहानपणी आई ओरडायची, पोरीच्या जातीने शिळा काय घालायच्या म्हणून. आई ओरडून पाठ फिरवायची आणि ताई पुन्हा सुरू. आई गेली, ताईचं लग्न झालं, शीळ काही सुटली नाही. भावोजी गरीब स्वभावाचे. ते म्हणायचे, आमच्या घरात शिट्ट्या दोन, कुकरची आणि हिची, आणि कुकर निदान गॅस बंद केला की थांबतो.

ते गाणं झालं तेही ताईच्याच स्वयंपाकघरात. धाकट्याजवळ शब्द होते, दोन कडवी होती, पण दोन कडव्यांच्या मधे नुसता खड्डा होता. काही केल्या तो भरेना. ओट्याशेजारी स्टुलावर बसून तो गिटारवर तेच तेच वाजवत होता आणि ताई भांडी पुसून फळीवर ठेवत होती. पुसता पुसता तिने त्या खड्ड्यात शीळ घातली. चार ओळींची धून, जणू ती तिथे आधीपासूनच होती आणि हिने फक्त फडकं मारून वर काढली. धाकटा धडपडत उठला, पिशवीतून माइक काढला, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. भिंतीच्या फरश्यांमुळे त्या खोलीत आवाज छान घुमायचा.

तिसऱ्या ओळीत ताईचा श्वास तुटायचा. कितीदा केलं तरी तिथेच. शेवटी ती कंटाळून हसली आणि म्हणाली, "धाकट्या, पुरे." तो तुटलेला श्वास, ते हसू आणि ते 'पुरे' सगळं एकाच माइकमध्ये, गिटारसकट, एका दमात उतरलं. धाकट्याला ते काढून टाकावंसं वाटलं नाही. एवढी अक्कल त्याला तेव्हा होती.

गाणं चढवताना पडद्यावर रकाने आले. गीतकार कोण, संगीतकार कोण, वादक कोण. त्याने सगळीकडे स्वतःचंच नाव टाकलं. मनात काही काळंबेरं होतं असं नाही. सवय होती, घाई होती, आणि शीळ म्हणजे काय रचना थोडीच असते, असं त्याला खरोखर वाटत होतं. ताईने गाणं ऐकलं, नाव बघितलं की नाही कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, शीळ नीट ऐकू येते ना रे?

पुढे ताईचं दुखणं आलं. एका सकाळी उठली तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओघळून गळ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं बरं होतं, होईल. झालंही बरंचसं. डोळा मिटायला लागला, कपाळाला आठी पडायला लागली, कचेरी सुरू झाली. ओठांचा डावा कोपरा मात्र रुसला तो रुसलाच. ताई त्याची थट्टा करायची. म्हणायची, चहा करते तो अर्धा मला, अर्धा रुमालाला. शीळ गेली हे मात्र कुणी उच्चारलं नाही. भावोजींनी कुकरचा विनोद बंद केला, त्यावरूनच काय ते समजायचं.

अशात तो फोन आला.

बाईंचं काम मोठं मजेशीर होतं. मालिका नि सिनेमे बनवणाऱ्यांना कुठल्या प्रसंगामागे कुठलं गाणं शोभेल ते शोधून द्यायचं आणि त्या गाण्याचा परवाना मिळवायचा. एका मालिकेच्या शेवटच्या भागात एक बाई रिकाम्या घरात भांडी आवरते, असा प्रसंग होता. त्यामागे त्यांना धाकट्याचं गाणं हवं होतं. मालिका बऱ्यापैकी गाजत होती. धाकट्याच्या शेजाऱ्यांपासून ते टायरवाल्यापर्यंत सगळे ती बघायचे. आजवर ज्याचं गाणं कुणी विचारलं नव्हतं त्याला हे ऐकून काय झालं असेल ते सांगायला नको.

बाईंनी त्याला सगळं नीट समजावलं. चित्राला गाणं जोडायचा परवाना, त्याला सिंक लायसन्स म्हणतात. त्यासाठी परवानग्या दोन लागतात. एक गाणं रचलं त्याची, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ते रेकॉर्ड केलं त्याची, म्हणजे आपण कानाने ऐकतो तो आवाज. मोठ्या लोकांच्या बाबतीत या दोन परवानग्यांसाठी दहा दारं वाजवावी लागतात. तुमच्यासारख्या एकट्या माणसाचं बरं असतं, सगळं एकाच हातात. आहे ना एकाच हातात? तेव्हाच ते 'हो, माझंच' झालं आणि बिस्कीट कपात पडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पुन्हा फोन. त्या कामाला पक्क्या होत्या, गाणं कान देऊन ऐकलं होतं. शीळ कुणाची आहे, आणि ते हसणं? धाकटा म्हणाला, घरातलंच कुणीतरी. बाई म्हणाल्या, मग त्यांची एक सही लागेल, आणि शिळेची धून त्यांनी बांधली असेल तर रचनेतही त्यांचं नाव येईल. धाकटा पटकन म्हणाला, तेवढं काढून टाकतो, नवीन करून देतो. बाई घाईने म्हणाल्या, "अहो, काढू नका. दिग्दर्शकांना तेच आवडलंय, तो श्वास आणि ते हसणं. फक्त सही घ्या."

फक्त सही घ्या. इतकं सोपं होतं. रस्ता ओलांडून बस पकडायची, दोन थांब्यांवर उतरायचं, ताईला कागद द्यायचा. पण नाही.

गेला म्हणा तो. कागद पिशवीत घालून गेला. ताईने चहा केला, रुमाल जवळ घेऊन बसली. कचेरीतल्या नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली. नक्कल अर्ध्याच तोंडाने होत होती, तरी धाकटा हसला. पिशवी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. दोनदा चेन उघडली, दोनदा लावली. कागद काढायचा म्हणजे आधी सांगावं लागणार की इतकी वर्षं तुझ्या धुनेखाली माझं एकट्याचं नाव आहे. ते जिभेवर येईना. मग त्याने मनाची एक फार गोड समजूत घातली. हिच्या तोंडाची ही दशा, आणि आपण हिच्यासमोर शिळेचा विषय काढायचा? किती लागेल बिचारीला. स्वतःची लाज झाकायला माणूस दुसऱ्याच्या दुःखाची चादर ओढतो, आणि वर स्वतःला समजूतदार म्हणवतो. ताईने जाताना विचारलं, "काही बोलायचं होतं का रे?" तो म्हणाला, छे, सहज आलो होतो.

घरी येऊन त्याने बाईंना कळवलं की त्या बाई तयार नाहीत.

त्या बाई! सख्ख्या बहिणीला तो त्या बाई म्हणाला, आणि तिला न विचारताच तिचा नकारही कळवून मोकळा झाला. मग ओळखीच्या एका रेकॉर्डिस्टला गाठलं. हा गडी शीळ उत्तम घालायचा, सूर तसूभर हलायचा नाही. काचेच्या खोलीत उभं राहून त्याने ताईची धून पहिल्या झटक्यात घातली, तिसरी ओळही सहज पार केली आणि विचारलं, अजून एकदा हवंय का? धाकट्याने नको म्हटलं. आवाज नवा, गिटार नवी, तेव्हा आता सगळं आपलंच, असा त्याने हिशोब केला. बाईंनी दोन परवानग्या समजावल्या होत्या, याने सोयीची एकच लक्षात ठेवली. रेकॉर्डिंग बदललं म्हणून धून काही बदलत नाही. ती भांडी पुसणाऱ्या बाईचीच होती.

नवं गाणं ऐकून बाई म्हणाल्या, स्वच्छ झालंय, पण पहिल्यात जे होतं ते यात नाही. दिग्दर्शकही नाराज होते. पण दिवस थोडे होते, चालवून घेऊ म्हणाले. बाईंनी शेवटचं एक सांगितलं. इंटरनेटवर एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या असल्या की गाणी ओळखणाऱ्या यंत्राचा गोंधळ होतो, तेव्हा जुनं उतरवून त्या जागी नवं ठेवलंत तर बरं. धाकट्याने लगेच उतरवलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

शेवटचा भाग आला तो रविवारी दुपारी. गाणं त्यात लागणार ही बातमी टायरवाल्याकडून भावोजींच्या कानी गेली होती आणि ताईने सगळ्यांना घरी बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरचे शिंपी नवराबायको आले, भावोजींनी खुर्च्या मांडल्या. ताईने इस्त्रीचे कपडे घातले होते आणि ती टीव्हीच्या अगदी समोर बसली होती, डावी बाजू भिंतीकडे करून. शिंपीणबाईंना तिने आधीच सांगून ठेवलं होतं, मधे शीळ येईल ना, ती माझी. धाकट्याने ते ऐकलं. हा दिवस येणार आणि ही ऐकणार, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. कागद, परवाने, यंत्र, दिग्दर्शक, सगळ्यांचा विचार झाला होता. ऐकणारीचा राहिला होता.

पडद्यावरची बाई भांडी आवरायला लागली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं आणि शीळ आली. स्वच्छ, सुरेल, एकसारखी. तिसरी ओळ आली आणि न अडखळता निघून गेली. हसू आलं नाही, 'पुरे' आलं नाही. दुसरं कडवं सुरू झालं.

शिंप्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाई म्हणाल्या, अगं बाई, केवढा दम तुझा! धाकटा खाली बघत राहिला. ताईने रुमाल ओठांना लावला, मग म्हणाली, "हो ना. किती सुरात होते बघा मी." सगळे हसले, भावोजींनी डोळे पुसले, मिठाईचा डबा फिरला. धाकट्याला वाटलं, हिला खरंच कळलं नाही. आणि त्याला लाजही वाटेना इतका त्याचा जीव भांड्यात पडला.

शिंपी नवराबायको गेले, भावोजी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, तेव्हा ताई कप घेऊन आत गेली. धाकटा मागोमाग गेला. ती नळाखाली कप धरून पाठमोरी उभी होती. तसंच उभ्या उभ्या तिने विचारलं, "कोण होता रे तो?"

धाकट्याने ओट्यावरचं फडकं उचललं.

"माझा श्वास तिथे तुटतो," ती म्हणाली. "दरवेळी तुटतो. मला माहीत नाही का? लोकांसमोर तुझं तोंड कशाला पाडू म्हणून बोलले नाही."

मग त्याने सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. सही लागणार होती, रचनेत नाव येणार होतं, तो कागद घेऊन आला होता आणि तसाच परत गेला होता. का, तर तिला वाईट वाटेल म्हणून. तिच्या तोंडाचं हे असं झालेलं, त्यात शिळेचा विषय नको म्हणून.

ताईने नळ बंद केला आणि वळून त्याच्याकडे पूर्ण चेहऱ्याने बघितलं. एरवी ती असं बघायचं टाळायची.

"सही करायला तोंड लागतं का रे?"

ताईला राग आला असता, तिने दोन शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. ती फळीवर कप मांडत राहिली. मग म्हणाली, महिनाभर झाला, गाणंच लागत नाहीये. म्हणजे लागतं, पण हे दुसरंच काहीतरी लागतं. तिला वाटलं आपलाच फोन बिघडला. दुकानात नेऊनही दाखवला. दुकानदार म्हणाला, फोन ठणठणीत आहे.

फिजिओथेरपिस्टने तिला व्यायाम दिला होता. आरशासमोर उभं राहून ओठांचा चंबू करायचा आणि फुंकायचं. रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी ती गाणं लावायची, तिची शीळ आली की तिच्याबरोबर फुंकायची. नुसती हवा जायची. पण आपण एकदा केलंय ते, पुन्हा होईल, असं तिला वाटायचं. त्या नव्या शिळेबरोबर काही तिला फुंकता येईना. तो माणूस कुठे थांबतच नाही, ती म्हणाली, माझा दम पुरत नाही त्याला. तेव्हा तिने व्यायाम सोडून दिला होता.

धाकटा घरी आला तो पायांनी आला की कशाने, त्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना फोन लावला आणि या खेपेला पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं सांगितलं. बाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांना विचारलंच नव्हतं?" तो म्हणाला, नाही. बाई म्हणाल्या, नाव घालता येईल, पुढच्या कागदांवर, नावांच्या यादीत, सगळीकडे. ते मी करते, करायलाच हवं. पण शीळ बदलता येणार नाही. भाग तयार होऊन जगभर गेला, तो आता उघडता येत नाही. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, मला तर पहिलीच हवी होती हो.

नवा कागद आला तेव्हा तो पुन्हा ताईकडे गेला. या वेळी पिशवीची चेन आधीच उघडून ठेवली होती. ताईने ओल्या हातांना फडकं लावलं, कागद ओट्यावर ठेवला, रचनाकार लिहिलं होतं तिथे आपलं नाव वाचलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. कचेरीत करते तशी घोटीव सही केली, तारीख घातली आणि म्हणाली, "झालं? आता लाव."

त्याच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं रेकॉर्डिंग होतं, ते त्याने आल्या आल्या तिच्या फोनवर घातलं होतं. त्याने ते लावलं. ताई खिडकीशेजारच्या लहान आरशासमोर जाऊन उभी राहिली. पहिलं कडवं संपलं, फरश्यांमधून घुमणारी ती शीळ आली आणि ताईने ओठांचा चंबू केला. उजवा कोपरा जमला, डावा नाही. हवा तिथून निसटत होती. पहिली ओळ तिने नुसत्या हवेने म्हटली, दुसरीही. तिसऱ्या ओळीत फोनमधला श्वास तुटला आणि त्याच जागी तिचाही तुटला.

फोनमधली ताई हसली आणि म्हणाली, धाकट्या, पुरे.

आरशातली ताई हसली नाही. तिने ओठ पुसले, फोन उचलला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. महिन्याभरात ओठ फार आखडलेत, ती म्हणाली, आता परत सुरुवातीपासून. धाकटा ओट्यापाशी त्या जुन्याच स्टुलावर बसून राहिला. तिने जा म्हटलं नाही आणि त्याला उठवेना.